झूम किती हवा? समोरच्या गॅलरीतले चिमटे मोजून बघा

पत्र थोडं कापून देतोय, मूळ पत्र तीन पानी होतं:

"मी नेरुळला राहते, वय ६१, शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. एप्रिलमधे मिस्टर, मी आणि माझी बहीण ताडोबा आणि मग अजिंठा-वेरूळ करणार आहोत. मला एक छोटा झूमवाला कॅमेरा घ्यायचाय, बजेट साठ हजार. मिस्टर म्हणतात फोन आहे की. मुलगा म्हणतो मिररलेस घे. भाचा म्हणतो ८३ एक्सवाला घे मावशी, चंद्रावरचे खड्डे दिसतात. दुकानात गेले तर काउंटरवरचा मुलगा ४० एक्सवर अडून बसला. माझे हात किंचित थरथरतात, चष्मा बायफोकल आहे आणि मानेच्या दुखण्यामुळे जड काही गळ्यात अडकवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. घराजवळच्या तलावावर फ्लेमिंगो येतात, त्यांचेही फोटो काढायचेत. नक्की किती एक्स घेऊ?"

बाई (शाळेत होतात म्हणजे बाईच म्हणतो, ताई म्हणायला जीभ वळत नाहीये), पत्र वाचून आधी हसूच आलं, कारण चार जण तुम्हाला चार बाजूंना ओढतायत आणि गंमत म्हणजे चौघंही आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर आहेत, फक्त तुमचे हात, तुमचा चष्मा आणि तुमची मान यांचा विचार चौघांपैकी एकानेही केलेला नाही.

मिस्टरांचं आधी निकालात काढू, ते सोपं आहे. ताडोबात कोअरच्या (जंगलाच्या आतल्या, राखीव भागातल्या) सफारीला मोबाइल नेता येत नाही, २०१८ च्या डिसेंबरपासून बंदी आहे, गेटवर ठेवून जावं लागतं. कॅमेरा चालतो. म्हणजे "फोन आहे की" म्हणणाऱ्या माणसाचा फोन ऐन वाघाच्या वेळी गेटवर पडून राहणार. हे त्यांना जेवताना सांगा, चिडून नाही, सहज. पण अजिंठ्यात मात्र फोन खिशात असू द्या, अंधाऱ्या गुहेत रुंद फोटो आजकालचे फोन बऱ्यापैकी काढतात, त्यात कमीपणा काही नाही.

मुलाचं म्हणणं असं की मिररलेस (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) म्हणजे क्वालिटी. खरंय. पण मिररलेसची बॉडी दिसायला छोटी असते आणि सोबत जी किट लेन्स येते तिचा झूम इतका तोकडा असतो की तलावातला फ्लेमिंगो गुलाबी ठिपका म्हणूनच येणार, मग वेगळी टेलिफोटो लेन्स घ्यायची, ती पाण्याच्या बाटलीएवढी, तिचे पैसे वेगळे, आणि ताडोबाच्या लाल धुळीत जिप्सी हलत असताना एक लेन्स काढून दुसरी लावायची. मी हा उद्योग तिशीत असताना केलाय. आता करणार नाही. मुलाला म्हणावं तू घे, मी वापरून बघेन.

भाच्याचा ८३ एक्सवाला म्हणजे निकॉनचा पी९५० असणार, २४ ते २००० मिलिमीटर (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), चंद्रावरचे खड्डे खरोखर दिसतात, थाप नाही ती. पण त्याचं वजन एक किलो आहे, तुमच्या मानेला झेपायचं नाही आणि तो कॉम्पॅक्ट तर अजिबात नाही. शिवाय चंद्राचं सोपं असतं, चंद्रावर भर ऊन पडलेलं असतं आणि तो मान वळवून झाडीत शिरत नाही. वाघ शिरतो. हे वाक्य पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

राहिला दुकानातला मुलगा. ४० एक्स म्हणजे बहुतेक कॅनन एसएक्स७४०, २४ ते ९६० मिलिमीटर, ३०० ग्रॅमच्या आत, खिशात मावतो. कागदावर बघितलं तर तुम्हाला हवं ते सगळंच. मग हाच घ्या असं मी का म्हणत नाहीये ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा घोळ ह्या एक्समधेच आहे.

एक्स म्हणजे फक्त भागाकार. लेन्सचं सगळ्यात लांबचं टोक भागिले सगळ्यात जवळचं टोक. ७२० भागिले २४, तीस. झाले तीस एक्स. २५ ते २५० असेल तर दहा एक्स आणि ३० ते ३०० असेल तरी दहाच एक्स, पण दुसरा जास्त लांबचं ओढतो आणि पहिल्यात देवळाचं आख्खं प्रांगण बसतं. म्हणून खोक्यावरचा एक्स सोडून द्या, मिलिमीटरचे दोन आकडे विचारा. काउंटरवरचा मुलगा थोडा गोंधळेल, गोंधळू द्या, तुम्ही आयुष्यभर मुलांना तोंडी परीक्षेत गोंधळवलंय.

आता मुद्द्याचं. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात ७२० किंवा ९६० मिलिमीटर बसवायचं तर एकच युक्ती असते, आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, नखाएवढा करायचा. ३० एक्स, ४० एक्सवाल्या जवळपास सगळ्या खिशातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटर असतो, म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. दुसरा एक प्रकार आहे त्याला "एक इंची सेन्सर" म्हणतात, तो कुठूनही मोजा एक इंच भरत नाही, जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या नळ्यांच्या मापावरून ते नाव चिकटलंय, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. चौपट. अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, पाऊस तोच, जमलेलं पाणी वेगळं. इथे पाण्याच्या जागी उजेड.

आणि दुसरी गोष्ट, ह्या लेन्स जसजशा लांब सरकतात तसतसं त्यांचं भोक तुलनेने बारीक होत जातं. पॅनासॉनिकच्या टीझेड९९ सारख्या तीस एक्सवाल्यात जवळच्या टोकाला एफ ३.३ आणि लांबच्या टोकाला एफ ६.४ (एफ म्हणजे त्या भोकाचं माप, आकडा मोठा तितकं भोक बारीक). ह्या एफच्या आकड्यांचा वर्ग करून भागायचं, ३.३ चा ६.४ झाला म्हणजे उजेड जवळपास चौथा हिस्सा उरला. म्हणजे आधीच वाटी, त्यात झूम केला की वाटीवर झाकण अर्धवट ओढलेलं. भर दुपारी पाऊस मुसळधार असतो म्हणून वाटीही भरते, दुकानाच्या दारातून रस्त्यावरचा बोर्ड झूम करून दाखवतात तो सुरेखच दिसतो. खोटं नाहीये ते. फक्त वाघ दुपारी बाराला दुकानासमोरून जात नाही.

माझंच सांगतो. माझा पहिला ट्रॅव्हल झूम तीस एक्सवाला होता, छोट्या सेन्सरचा, आणि मी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून बदकांचे फोटो काढून खूश होतो. मग ताडोबाला गेलो. सकाळची सफारी, सूर्य नुकता झाडांच्या मागे, वाघीण रस्त्याच्या कडेने चालत आली, गाडीपासून चाळीसेक मीटर. मी पूर्ण झूम केला. कॅमेऱ्याने आपल्या मनाने आयएसओ (कमी उजेड ओढून वाढवायचा आकडा, वाढला की फोटो दाणेदार होतो) ३२०० केला, शटर १/६० सेकंद उघडा ठेवला आणि खटाखट वीस फोटो निघाले. रिसॉर्टवर येऊन बघतो तर वाघिणीचे पट्टे ओल्या रंगावरून कुणी अंगठा फिरवावा तसे. मिशा नाहीत. डोळा म्हणजे एक पिवळट डाग. मित्राकडे एक इंची सेन्सरवाला होता, त्याचा झूम माझ्यापेक्षा कितीतरी कमी, वाघीण फोटोत लहान आलेली, पण त्याने ती कापून मोठी केली तर मिशा मोजता येत होत्या. त्या दिवशी एक्स हा शब्द माझ्या डोक्यातून गेला तो गेलाच.

म्हणून दुकानात जाल तेव्हा स्वतःचं एसडी कार्ड घेऊन जा आणि कॅमेरा दाराबाहेर नका नेऊ, आतच, ट्यूबलाइटच्या उजेडात, दुकानाच्या मागच्या भिंतीवरच्या खोक्यांवर पूर्ण झूम करून पाच फोटो काढा. घरी येऊन ते कॉम्प्युटरवर मोठे करून बघा. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचता येतात का. कुणा नातेवाइकाकडून कॅमेरा दोन दिवस उसना मिळाला तर त्याहून चांगली परीक्षा आहे: संध्याकाळी साडेसहाला तुमच्या गॅलरीत उभ्या राहा, समोरच्या बिल्डिंगमधे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर कुणाचे तरी कपडे वाळत असतीलच (नवी मुंबईत नसतील तर मी लिहिणं सोडतो), त्यावर झूम करा आणि फोटोत चिमटे मोजा. लाकडी आहेत का प्लास्टिकचे, दोरी नायलॉनची आहे का तार. साडेसहाला चिमटे दिसले तर ताडोबात मिशा दिसतील. फक्त समोरच्या काकू बघत नाहीत ना ते बघून घ्या, उगाच सोसायटीच्या ग्रुपवर जायला नको.

आता तुमचे हात आणि चष्मा. ह्यावर चौघांपैकी कुणीच बोललं नाही आणि माझ्या मते कॅमेरा इथेच ठरतो. स्क्रीनकडे बघून फोटो काढायचा म्हणजे कॅमेरा हातभर लांब धरावा लागतो, आरती ओवाळताना ताट धरतो तसा, आणि त्या अवस्थेत धडधाकट माणसाचेही हात हलतात. झूम जितका लांब तितकं ते हलणं मोठं होऊन दिसतं. कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी असेल, म्हणजे व्ह्यूफाइंडर, तर कॅमेरा कपाळाला टेकतो, कोपरं बरगड्यांना टेकतात, आणि तीन जागी आधार मिळाल्यावर थरथर बरीच कमी होते. शिवाय भर उन्हात स्क्रीन दिसतच नाही. ऐरोलीहून खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट जाते ना, त्या बोटीत मी लोकांना स्क्रीनवर ओढणीची सावली धरून अंदाजाने बटण दाबताना बघितलंय.

आणि बायफोकलचं म्हणाल तर व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारीकसं चाक किंवा दांडी असते, डायऑप्टर म्हणतात. चष्मा काढायचा, खिडकीला डोळा लावायचा आणि आतली अक्षरं स्पष्ट होईपर्यंत ते फिरवायचं. एकदा केलं की झालं. बायफोकलमधून वर बघू का खाली बघू ही कसरत संपली. नंबर फार मोठा असेल तर पुरणार नाही, म्हणून हे दुकानात उभ्या उभ्या करून बघा. चष्म्याची साखळी असेल तर ट्रिपला नक्की न्या, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर चष्मा शोधा.

ह्या एका अटीने यादी एकदम आटते. कॅनन एसएक्स७४० ला व्ह्यूफाइंडर नाही, गेला. टीझेड९९ हा २०२५ चा मॉडेल, चार्जिंगला सी टाइप आहे (युरोपात २०२४ च्या डिसेंबरपासून सी टाइप सक्तीचं झालं, त्यामुळे कंपन्यांना जुने मॉडेल बदलावे लागले), पण हा बदल करताना आधीच्या मॉडेलमधला व्ह्यूफाइंडर काढून टाकला, तोही गेला. वाईट कॅमेरे नाहीत हे, तुमच्या बहिणीने विचारलं असतं आणि तिला दुपारच्या सहलीचेच फोटो काढायचे असते तर मी यातलाच एक सांगितला असता.

उरले एक इंची सेन्सर आणि व्ह्यूफाइंडर दोन्ही असलेले. सोनीचा आरएक्स१०० मार्क ६ आणि मार्क ७, दोन्हींची लेन्स एकच, २४ ते २०० मिलिमीटर, एफ २.८ ते ४.५, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. आणि पॅनासॉनिकचा टीझेड२००, काही देशांत तोच झेडएस२०० नावाने विकला गेला, २४ ते ३६०, एफ ३.३ ते ६.४, वजन ३४० ग्रॅम. (आरएक्स१०० चेच आधीचे मार्क ३, ४, ५ स्वस्तात दिसतील, त्यांचा झूम ७० मिलिमीटरला संपतो, फसू नका. कॅननचा जी७एक्स पण १०० ला संपतो, आणि त्यावर हल्ली कॉलेजच्या पोरांच्या उड्या पडतात, सोशल मीडियावर कॉम्पॅक्टची फॅशन परत आली म्हणून. २०१० साली जगात बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, बहुतेक कॉम्पॅक्टच, मग फोनने तो धंदा बसवला, आणि आता तीच पोरं आईच्या कपाटातले जुने कॅमेरे शोधतायत.)

सोनी का पॅनासॉनिक? सोनीची लेन्स उजेडाच्या बाबतीत वरचढ, फोकसही जास्त चपळ, पण २०० मिलिमीटरला फ्लेमिंगो छोटा येतो. पॅनासॉनिक ३६० ला जातो पण तिथे एफ ६.४. तुमच्या पत्रात फ्लेमिंगो आहेत, वाघ आहे, म्हणून मी टीझेड२०० म्हणेन. एफ ६.४ वरून मी एवढा वेळ नाकं मुरडली आणि आता तोच सुचवतोय असं म्हणाल, तर हिशोब असा की सेन्सर चौपट आहे, परात आहे, झाकण अर्धवट असलं तरी वाटीपेक्षा चौपट जमतं. वाटीवाल्याला आयएसओ ८०० वर फोटोत जेवढे दाणे, जेवढी घाण येते तेवढी ह्याला साधारण ३२०० वर येते. आणि तुमचे सगळे फ्लेमिंगो वजा केले, फक्त ट्रिपचे फोटो, नातवंडं, लेण्या एवढंच असतं तर डोळे झाकून सोनी.

अडचण एकच, मार्क ७ नवा घ्यायचा तर लाखाच्या पलीकडे जातो आणि बाकीचे दोन २०१८ चे मॉडेल आहेत, दुकानात नवे मिळणं मुश्किल. म्हणजे वापरलेला बघावा लागणार, साठ हजारात चांगल्या अवस्थेतला बसायला हरकत नाही. भाव रोज बदलतात, आकडा देत नाही. हार्बरने सरळ सीएसएमटीला जा, फोर्टमधे बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत, वापरलेले मिळतात, चार ठिकाणी विचारून पाचव्या ठिकाणी बसा. मुलाला सोबत न्या, मिररलेसचा विषय काढणार नाही या बोलीवर.

वापरलेला घेताना काय बघायचं ते नीट सांगतो, कारण ह्यात मी एकदा पोळलोय. एका दुकानातून, नाव घेत नाही, मी बाहेरून आणलेला एक कॅमेरा स्वस्तात उचलला, खोकं नवंकोरं, वॉरंटी कार्ड परदेशी भाषेत, बिल साध्या कागदावर. तीन महिन्यांनी नागावच्या किनाऱ्यावर पोराला शूट करत होतो, वारा होता, पिशवीतून कॅमेरा काढला, बटण दाबलं आणि लेन्स अर्धी बाहेर येऊन थांबली. करर्र असा आवाज, दातात वाळू आल्यावर येतो तसा. परत आत जाईना, बाहेर येईना. स्क्रीनवर लेन्सचा एरर. सर्व्हिसवाल्याने कार्ड बघून सांगितलं, ही वॉरंटी इथे लागू नाही. दुकानदार म्हणाला वाळूची वॉरंटी कुणीच देत नाही, ते मात्र खरं होतं. नऊ हजार गेले.

तर: कॅमेरा हातात घेतल्यावर दहा-बारा वेळा चालू-बंद करा आणि कानाशी धरून ऐका, लेन्स एका दमात सरकली पाहिजे, अडखळणं नको. झूम पूर्ण लांब, पूर्ण आत, चार वेळा. मग पांढऱ्या भिंतीवर किंवा मोकळ्या आभाळाकडे धरून, एफचा आकडा जास्तीत जास्त मोठा करून, पूर्ण झूमवर एक फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यांपर्यंत सरकवत बघा. करडे गोल डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. आत-बाहेर होणाऱ्या लेन्सचा हा जातीचा दोष, पिचकारीसारखी हवा ओढते आणि हवेसोबत धूळ, आणि लेन्स निघत नसल्याने पुसायला आख्खा कॅमेरा खोलावा लागतो. असा कॅमेरा नको, कितीही स्वस्त असला तरी. सोनी असेल तर त्याचा व्ह्यूफाइंडर उडी मारून वर येतो, तो नीट बसतो-उठतो का बघा. चार्जर ओरिजिनल आहे का, आणि जीएसटीचं बिल देणार का, हे पैसे काढायच्या आधी विचारा, नंतर नाही.

कॅमेऱ्यासोबत एक जादा बॅटरी घ्याच, ह्या छोट्या कॅमेऱ्यांची बॅटरी व्ह्यूफाइंडर वापरला की दोन-अडीचशे फोटोंत मान टाकते. कार्ड ६४ जीबीची दोन, व्ही३० (ही वेगाची खूण) लिहिलेली, ओळखीच्या दुकानातून, कारण रस्त्यावर नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. पिशवी साधी कमरेची चालेल, मानेला त्रास नको. ताडोबात कॅमेरा झिपलॉकच्या पिशवीत ठेवून वर ओढणी, बास.

घरी आल्या आल्या सेटिंगमधे जाऊन डिजिटल झूम बंद करा. आय झूम, क्लिअर इमेज झूम, कंपनीगणिक नावं वेगळी, काम एकच, मधला तुकडा कापून मोठा करणं, ते नंतर घरीही करता येतं. ऑटो आयएसओची वरची मर्यादा ३२०० ठेवा. बाकी रोजच्या वापराला पी मोड, त्यात शटर आणि एफ कॅमेराच ठरवतो.

ताडोबात मात्र एस मोड, म्हणजे शटर तुम्ही ठरवायचा, तो १/२५० आणि सलग फोटो काढायचा बर्स्ट चालू. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, वाघाची चाल सांभाळत नाही, मघाचं "वाघ शिरतो" आठवा. आणि हातासाठी माझा सगळ्यात स्वस्त सल्ला: जुन्या उशीच्या अभ्र्याची छोटी पिशवी शिवा, तिच्यात किलोभर तांदूळ भरा, पूर्ण गच्च नाही, थोडी सैल, तोंड शिवून टाका. जिप्सीच्या लोखंडी बारवर ती पिशवी टाकायची, वरून तळहाताने खळगा करायचा आणि त्यात कॅमेरा बसवायचा, बाळाचं डोकं उशीत बसतं तसा. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर पिशवीसकट सगळं थरथरतं. मी चवळी भरून पण बघितलीय, तांदूळ बरा बसतो, आणि परतीच्या वाटेवर कुणाला भूक लागली तर निदान खिचडीची सोय.

अजिंठ्यात सगळं उलट. तिथे झूम करायचाच नाही, लेन्स २४ वर ठेवायची, तिथेच तिचं तोंड सगळ्यात मोठं असतं. फ्लॅशला मनाई आहे, आत शिरायच्या आधी बंद करा, आणि फोकस करताना जो लाल किंवा पांढरा दिवा पेटतो तोही मेनूमधून बंद करा, त्याच्यावरूनही पहारेकरी ओरडतात. ट्रायपॉड नेऊ नका, परवानगीशिवाय चालत नाही. पहिल्या लेणीत पद्मपाणी आहे, गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला, मंद दिवे असतात. तिथे लगेच कॅमेरा काढू नका. पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा, डोळे अंधाराला सरावले की रंग एकेक करून वर येतात, आधी मुकुट, मग हातातलं कमळ, आणि मग तुम्हाला कळतं फोटो कशाचा काढायचाय. चित्र काही हलत नाही, त्यामुळे शटर १/१५ पर्यंत खाली गेला तरी स्टॅबिलायझेशन सांभाळून घेतं, श्वास सोडताना बटण दाबा, दाबा म्हणजे दाबा, ठोसा नका मारू, आणि एकाच्या जागी चार काढा, चारातला एक स्पष्ट येतोच.

फ्लेमिंगोंसाठी तर तुम्ही नशीबवान, आम्ही ठाण्याहून उठून तुमच्याकडे येतो. खाडीला ओहोटी असली की ते चिखलावर चरायला जातात, भरतीने चिखल बुडाला की तुमच्याकडच्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. म्हणून घड्याळ न बघता भरतीची वेळ बघा, आणि ज्या दिवशी भरती सकाळी सात ते नऊच्या मधे येते असे दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते आणि मग पाच लाखांचा कॅमेरा असला तरी पक्षी उकळत्या पाण्यात बघितल्यासारखे येतात. मे संपता संपता बहुतेक निघून जातात, म्हणजे ट्रिपच्या आधी तुम्हाला सरावाला दोन महिने आहेत, कॅमेरा एप्रिलमधे घेऊन सरळ ताडोबाला जाऊ नका, आत्ता घ्या आणि रोज सकाळी फिरायला जाताना न्या. तिथे चिमट्यांऐवजी चोच बघा, चोचीचं काळं टोक गुलाबीपासून वेगळं दिसलं पाहिजे.

आणि तिकिटं काढायच्या आधी एक बघा, अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी, ताडोबाचं कोअरही मंगळवारी. तुम्ही पत्राच्या (मी कापलेल्या) भागात सोमवार अजिंठा लिहिलंय, ते उलटं करून सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा करा.